हापूस थेट विकायचा आहे: व्हॉट्सॲप, भाड्याचं ऑनलाइन दुकान की स्वतःची वेबसाइट?

पुण्या-मुंबईचं एखादं कुटुंब एप्रिलमध्ये हापूस मागवायला बसतं तेव्हा त्यांना मोजक्याच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. आज पेटीचा भाव काय, पेटीत डझन किती, आंबा तयार आहे की चार दिवस गवतात ठेवावा लागेल, घरी कधी पोचेल, आणि कापल्यावर साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, निघाला तर पुढे काय. रत्नागिरी-देवगडकडचे बरेच बागायतदार आता दलालाकडे माल न पाठवता थेट विक्री करू बघतात आणि त्यांच्यापुढे तीन वाटा असतात: व्हॉट्सॲपवर भागतंय तोवर भागवायचं, शॉपिफायसारख्या ठिकाणी महिन्याच्या भाड्यानं दुकान मांडायचं, किंवा वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर स्वतःची वेबसाइट करून घ्यायची.

माझं मत आधीच सांगतो. हंगामाला चार-पाचशे पेट्यांच्या आत विक्री असेल तर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या, त्यावर तीन-चार पानांची हलकी वेबसाइट ठेवा आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवरच घ्या. कार्ट, लॉगिन, कुपन यातलं काही लागत नाही. विक्री त्यापुढे गेली की हिशेब बदलतो, त्याबद्दल खाली लिहिलंय.

व्हॉट्सॲप आणि गूगलची मोफत प्रोफाइल

खर्च शून्य, आणि गिऱ्हाइकाला वेगळं काही शिकावं लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग मांडता येतो, ठरलेली उत्तरं साठवता येतात. ज्यांचं गिऱ्हाईक ओळखीतलं, सोसायटीतलं, दरवर्षीचं आहे त्यांना हे पुरतं.

अडचण नव्या गिऱ्हाइकाची. एकच निरोप अनेकांना धाडायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि निरोप त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. कोथरूडमधल्या बाईंनी ‘देवगड हापूस घरपोच’ असं शोधलं तर तुमचा कॅटलॉग त्यांना दिसणार नाही. गूगल बिझनेस प्रोफाइल ही उणीव थोडी भरून काढते. नकाशावर बाग दिसते, फोन नंबर आणि लोकांचे अभिप्राय दिसतात. ती करावीच, पण फक्त तिच्यावर विसंबू नये. या प्रोफाइलसोबत गूगल पूर्वी एक छोटी वेबसाइट फुकट देत असे. मार्च 2024 मध्ये त्या सगळ्या बंद झाल्या. काही महिने जुना पत्ता प्रोफाइलकडे वळवला जात होता, मग तोही थांबला. ज्यांनी तो पत्ता पेटीवर छापला होता त्यांची छपाई वाया गेली. पेटीवर छापायचा पत्ता आपल्या मालकीचाच हवा.

भाड्याचं दुकान

शॉपिफाय, विक्स किंवा तशाच भारतीय सेवांचं बळ खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पत्ता, पिनकोड, पैसे, पावती सगळं एका जागी येतं. किती पेट्या उरल्या ते आपोआप कमी होतं. सुरक्षेची, बॅकअपची काळजी ते घेतात. घरातलं कुणीही फोनवरून भाव बदलू शकतं.

आता पैशांचं बघू. पेटी 3,000 रुपयांची धरा. पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, साधारण 2 टक्के म्हणजे 60 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 10.80. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडल्याबद्दल बेसिक प्लॅनवर ते आणखी 2 टक्के घेतात, म्हणजे पुन्हा 60. एका पेटीमागे 130 रुपये 80 पैसे झाले. चारशे पेट्यांचे 52,320 रुपये, आणि महिन्याचं भाडं वेगळं. हेच पैसे गिऱ्हाइकानं तुमच्या यूपीआयवर सरळ टाकले तर पूर्ण तुमचे. दर बदलत असतात, म्हणून ठरवण्याआधी ताजे आकडे घालून हीच बेरीज स्वतः करा.

दुसरी गोष्ट आंब्याच्या धंद्यातच आहे. फेब्रुवारीत आगाऊ पैसे घेतले आणि मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला तर अर्ध्या ऑर्डरींचे पैसे परत करावे लागतात. गेटवेनं कापलेली फी मात्र बहुतेक वेळा परत येत नाही. शिवाय हंगाम तीन महिन्यांचा आणि भाडं बारा महिन्यांचं. हंगामानंतर विक्री थांबवून कमी भाड्यात दुकान राखायची सोय शॉपिफायवर आहे, ती नक्की वापरावी.

तरीही हे दुकान परवडतं कधी? रोज वेगवेगळ्या शहरांत पार्सलं जातात, पॅकिंगला माणसं लावली आहेत, आणि पत्ते हातानं उतरवताना चुका होऊ लागल्या आहेत तेव्हा. किंवा आंब्यासोबत काजू, कोकम, आंबापोळी असा वर्षभराचा माल असेल तेव्हा. आंबापोळी किंवा आमरसाचे डबे विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक पानावर दिसू द्या. ऑनलाइन विकणाऱ्यानं नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती द्यावी असं 2020 चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम सांगतात. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो.

स्वतःची वेबसाइट

वर्डप्रेस 2003 पासून आहे, फुकट आहे, आणि जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. त्यामुळे ते येणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो, आणि आतला कारभार मराठीतून करता येतो. खर्च मुख्यतः डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायच्या सर्व्हरचं भाडं) आणि करून देणाऱ्याची मजुरी. होस्टिंगची पहिल्या वर्षाची सूट बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा.

तोटा देखभालीचा. प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, अपडेट केले नाहीत तर साइट हॅक होऊ शकते, आणि ते ऐन हंगामात कळतं. म्हणून प्लगइन कमीत कमी ठेवा आणि देखभाल कोण करणार ते मजुरीच्या बोलण्यातच ठरवून घ्या. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या पैशानं घ्या. ते करून देणाऱ्याच्या खात्यात राहिलं आणि पुढे त्याच्याशी बिनसलं तर सगळंच अडकतं. या एका मुद्द्यावर मी कुणालाही सवलत देणार नाही.

कुठल्याही वाटेनं गेलात तरी

साइट आधुनिक दिसावी म्हणून लोक सरकते फोटो आणि पान उघडताच चालू होणारा ड्रोनचा व्हिडिओ लावतात. गिऱ्हाईक त्यावर थांबत नाही. ते भाव शोधत असतं, आणि तो नेमका सणाच्या शुभेच्छांसारख्या एका चित्रात कोरलेला असतो: फोनवर बारीक दिसणारा, बऱ्याचदा गेल्या वर्षीचा. भाव साध्या मजकुरात लिहा आणि शेजारी तारीख टाका. ‘5 डझनची पेटी, फळ 230 ते 260 ग्रॅम, भाव अमुक, 12 एप्रिलपासून.’ शहरातल्या माणसाला हेही सांगावं लागतं की तीच पेटी 4 डझनची असेल तर फळ मोठं आणि 7 डझनची असेल तर लहान. ही एवढी ओळ नसेल तर 4 डझनवाला महाग वाटून गिऱ्हाईक निघून जातं.

वेग दुसरा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची कसोटी आहे, आणि पेजस्पीड इनसाइट्सवर ती फुकट तपासता येते. फोननं काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलून दोनशे केबीच्या आत आणला तर फोनवर फरक जाणवत नाही आणि पान चटकन उघडतं.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. माहितीपत्रकासाठी डीटीपीवाल्यानं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी साइटवर तशीच चिकटवली की अगम्य अक्षरं उमटतात. आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवायला सांगा. तशी सोय असलेल्या फाँटमध्ये मग ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात.

विश्वासाचं तर सगळ्यात आधी. बाहेरचा आंबा देवगडच्या नावानं विकला जातो हे गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव वापरायचा हक्क, मिळालं. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद असेल तर प्रमाणपत्राचा फोटो आणि क्रमांक पहिल्याच पानावर घाला. आंबा कशानं पिकवता तेही लिहा, कारण बंदी असलेल्या कार्बाइडची भीती लोकांच्या मनात आहे. अढीत पिकवत असाल तर अढीचा एक खरा फोटो विकतच्या दहा गुळगुळीत फोटोंपेक्षा जास्त काम करतो.

आणि साका. फळ बाहेरून सुरेख दिसतं, कापलं की गर पांढरट, भुसभुशीत, आंबट. कुणीही बाहेरून ओळखू शकत नाही, म्हणून ते लपवण्यात काही लाज वाचत नाही. सरळ लिहा: ‘साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो 24 तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत मिळतील.’ असं पान मोजक्याच विक्रेत्यांकडे असतं, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी परत येतं ते अशा वागण्यामुळे.

तीनपैकी कुठलीही वाट धरली तरी मार्चमध्ये धावपळ करू नका. नवं पान शोधात वर यायला वेळ लागतो. मोहोर धरतो त्या डिसेंबरच्या सुमारास डोमेन घ्या, गूगल प्रोफाइलची पडताळणी उरका, जुन्या गिऱ्हाइकांकडून अभिप्राय मागा आणि भावाचं पान तयार ठेवा. पहिली तोड झाली की त्यात फक्त आकडा आणि तारीख भरायची राहील.