राजारामपुरीतलं हार्मोन क्लिनिक : टेस्टोस्टेरॉन कमी आलंय त्यांच्यासाठी

इचलकरंजीत माझा सुताचा व्यापार आहे, वय 41. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमकडे माझे उपचार झाले, त्यांच्या क्लिनिकबद्दल सविस्तर लिहितोय. पुरुष या विषयावर मोकळेपणाने लिहीत नाहीत, आणि मी शोधत होतो तेव्हा मला नेमकं असंच काहीतरी वाचायला हवं होतं.

त्रास असा होता : दुपारनंतर अंगात त्राण उरायचं नाही, बायकोजवळ जायची इच्छाच होईना, सकाळी येणारी ताठरता बंद झालेली. सुरुवातीला पुरुषांच्या आरोग्याची पॅकेजं विकणाऱ्या एका ऑनलाइन क्लिनिकची सेवा घेतली. त्यांचा माणूस भर दुपारी, जेवण झाल्यावर रक्त घेऊन गेला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, 212 आलं, म्हणजे कमी. व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरांनी लगेच दर 3 आठवड्यांनी इंजेक्शन आणि जोडीला शिलाजितच्या कॅप्सूल असं पॅकेज सांगितलं. दुसरं मूल हवंय का, एवढं साधं त्यांनी विचारलं नाही. आम्हाला हवंय.

मॅडमनी तो रिपोर्ट पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "रक्त किती वाजता दिलं होतं?" टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं, आणि जेवणानंतरही खाली येतं. त्यामुळे तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत करून खात्री करायची. लक्षणं आणि दोन वेळचे कमी आकडे, असं दोन्ही असेल तरच हा आजार म्हणायचा. माझं सकाळचंही 241 आणि 236 आलं. म्हणजे कमतरता खरी होती. पण कमी का, हे कळल्याशिवाय औषध लिहिणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तपासणीचं थोडं खुलासेवार सांगतो, कारण याच धास्तीने बरेच जण जात नाहीत. पडद्याआड, पुरुष मदतनीस हजर असताना तपासलं. त्यांच्याकडे दोरीत ओवलेले अंड्याच्या आकाराचे मणी असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर 1 ते 25 मिलीचा आकडा. एका हाताने तो मणी आणि दुसऱ्या हाताने वृषण चाचपून आकार ताडतात. दोन मिनिटांचं काम, आणि इतक्या सहजपणे केलं की संकोच वाटलाच नाही. मग समोर बसवून दोन्ही बाजूंनी बोटं हलवत, बाजूचं दिसतंय का ते पाहिलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ वाढली तर आधी कडेची नजर जाते म्हणे. वास नीट येतो का, लहानपणी गालगुंड होऊन वृषण सुजले होते का, झोपेत घोरतो का, हेही विचारलं.

पुढच्या रिपोर्टमध्ये उलगडा झाला. एलएच (वृषणांना कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) कमी, आणि प्रोलॅक्टिन (हेही पिट्युटरीचंच, बायकांत दूध आणणारं हार्मोन) 82. पुरुषात ते साधारण पंधरा-वीसच्या आत हवं. प्रोलॅक्टिन वाढलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूमच मंदावतो आणि टेस्टोस्टेरॉन घसरतं. "घरात चालू आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या दाखवा," मॅडम म्हणाल्या. बायकोने पिशवीच टेबलावर उपडी केली. त्यात ॲसिडिटीची रोजची कॅप्सूल होती, पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली. आपल्याकडे ती घराघरात असते, मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो. त्यातलं डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं.

मॅडमनी माझ्यासमोर आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला, डॉम्पेरिडोन नसलेली गोळी ठरवली आणि काही दिवसांनी परत रक्त मागवलं. प्रोलॅक्टिन 11. ते उतरलं नसतं तर एमआरआय करून गाठ आहे का ते बघावं लागलं असतं. तीन महिन्यांनी सकाळचं टेस्टोस्टेरॉन 438 आलं, तेही एकही इंजेक्शन न घेता. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन असंच वाढतं, पण ती रुग्णाने आपल्या मनाने कधीही बंद करायची नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितलं.

इंजेक्शनला त्यांचा विरोध नाही. ज्यांचे वृषण किंवा पिट्युटरी खरोखर निकामी झालेत, त्यांना त्या टेस्टोस्टेरॉन देतात आणि रक्त दाट होतंय का, प्रोस्टेट ठीक आहे का यावर लक्ष ठेवतात. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि शुक्रजंतू घटतात, कित्येकांचे शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनची पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती, तिचे निष्कर्ष 1990 मध्ये छापून आले. हे ऐकल्यावर त्या ऑनलाइन पॅकेजचा मला फार राग आला. मूल हवं असलेल्या माणसाला एक प्रश्नही न विचारता हे औषध देणं हा गुन्हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

उणिवा सांगायलाच हव्यात. रिसेप्शनवरच्या ताई सगळ्यांसमोर मोठ्याने "काय त्रास आहे?" विचारतात. बाहेर बहुतेक थायरॉईडच्या बायका बसलेल्या असतात, तिथे पुरुषाने काय उत्तर द्यायचं? एक छापील फॉर्म दिला तरी भागेल. मॅडमना मी हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. भिंतींवर मधुमेहाचे आणि थायरॉईडचे तक्ते आहेत, पुरुषांसाठी एकही नाही. वेळ घेऊनही तास-दीड तास थांबावं लागतं, आणि चारचाकी लावायला जागा नाही, ती लांब ठेवून चालत यावं लागतं.

पहिल्या वेळची फी 900 रुपये, त्यात अर्धा तास मिळतो. फोन दुपारी 12 नंतरच लागतो. नवीन रुग्ण घेताना रिपोर्टांसोबत चालू गोळ्यांची पाकिटं आणायला सांगतात, ती खरंच आणा, ॲसिडिटीची आणि जिममधल्या पावडरीचीसुद्धा.