वारीतला पाऊस आणि माझं सामान: नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत पायी वारीचं नक्की झालं आणि मी पहिलं काम केलं ते खरेदीचं. महागातला पोंचो, 'पाणी शिरत नाही' म्हणून विकलेले बूट, पट्ट्यांचे सँडल, सॅकवर घालायचं आवरण. 19 जून 2025 ला आळंदीहून माऊलींच्या पालखीचं प्रस्थान झालं, 6 जुलैला आषाढी. मधलं साधारण 250 किलोमीटरचं अंतर मी दिंडीतून चालले. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत हेच सामान जवळजवळ दर रविवारी सिंहगडाच्या पायवाटेवर नेलं. आता दिवाळीही उरकली, तेव्हा कोण टिकलं आणि कोण नाही ते सांगता येईल.

आधी पावसाचं बोलते, कारण माझा अंदाज तिथेच चुकला. या वर्षी मॉन्सून मे महिन्यातच आला होता, म्हणून मी अठरा दिवस भिजायच्या तयारीने गेले. खरा पाऊस मिळाला तो आळंदी, पुणे आणि दिवे घाट चढून सासवडपर्यंत. जेजुरीच्या पुढे नुसती भुरभुर आणि वारा. फलटण सोडलं की माळशिरसचा अवर्षणप्रवण भाग. शाळेत पाठ केलेला पर्जन्यछायेचा धडा तिथे डोक्यावर ऊन होऊन बसतो. पण त्या भागात अर्ध्या तासाची एक सर आली की काळ्या रानातला मुक्काम बघावा! चपलेला मातीचे असे थर चढतात की माणूस चार बोटं उंच होतो आणि दर दहा पावलांना थांबून काडीने तळवे खरवडतो.

पोंचो. कापड 'श्वास घेणारं' आहे, घामाची वाफ बाहेर जाते, असं त्याच्यावर लिहिलं होतं. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा जातही असेल. धो धो पावसात बाहेरची हवाच ओलीगच्च असते, मग वाफ जाणार कुठे? दिवे घाटात मी बाहेरून पावसाने आणि आतून घामाने सारखीच भिजले होते. त्यात वारा शिरला की त्याचं शीड होतं, आणि खाली बघावं तर स्वतःची पावलंच दिसत नाहीत. दिंडीत खांद्याला खांदा लावून चालायचं असतं, त्यामुळे माझ्या पोंचोचं सगळं पाणी शेजारच्या टाळकऱ्याच्या बाहीवर. तो बिचारा 'असू द्या माऊली' म्हणाला, पण मीच ओशाळून पोंचो काढून टाकला. छत्रीचंही तेच. गर्दीत ती उघडूच नये. नातेपुत्यानंतर उन्हासाठी मात्र उपयोगी पडली.

बुटांचं दुःख वेगळंच. तळातून थेंब शिरला नाही हे खरं, पण पाणी वरून घोट्यातून आत गेलं आणि मग त्याला बाहेर यायला वाट नाही. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या पुढचा. संध्याकाळी मोजे काढले तर टाचा पांढऱ्याफटक, सुरकुतलेल्या, आणि अशा मऊ पडलेल्या कातडीला फोड यायला वेळ लागत नाही. माझ्या डाव्या टाचेला दोन आले. सासवडला बूट सामानात टाकले ते पंढरपूरपर्यंत बाहेर काढले नाहीत. पुढे सगळं सँडलवर. खडे शिरतात, पण पाय झटकला की निघतात, आणि पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात पाय कोरडा. पहाटे खोबरेल तेल, रात्री पाय पुसून पावडर. घेताना चिकटपट्टीचे घेऊ नका, चिखल बसला की पट्टी धरत नाही. बकलाचेच घ्या.

सगळ्यात मोठा फटका मात्र मी चालत असताना बसलाच नाही. सामान दिंडीच्या ट्रकमधून जातं. ताडपत्री एका कोपऱ्यात सुटली आणि माझी वळकटी भिजली. सॅकचं आवरण फक्त वरून असतं, खाली साचलेलं पाणी पाठीच्या बाजूने आत गेलं. राहुटीत शेजारी परभणीकडच्या एक मावशी होत्या. त्यांचं अंथरूण खताच्या रिकाम्या गोणीत, आत प्लास्टिकची पिशवी, तोंड सुतळीने आवळलेलं. कोरडं ठणठणीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अंग भिजलं तर चालता चालता वाळतंय गं बाई. हांथरूण भिजलं की रात्रभर बसून काढावं लागतंय." त्यांनी अर्धी सतरंजी दिली म्हणून झोप तरी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासारखाच प्लास्टिकचा कागद मीही घेतला. डोक्यावरून घ्यायचा, गळ्याशी गाठ मारायची. समोरून उघडा, त्यामुळे वारं खेळतं, टाळ वाजवायला हात मोकळे. विसाव्याला तोच खाली अंथरून जेवायचं. पुढच्या मुक्कामांना अंथरुणाखालीही तोच होता. पोंचोने यातलं एकही काम केलं नसतं.

फोन दुहेरी झिपच्या पिशवीत ठेवला, काही झालं नाही. चार्जर मात्र उघडा राहिला आणि दमटपणाने गेला.

आता नंतरच्या महिन्यांचं. पोंचोचा आतला लेप ऑगस्टमध्ये खांद्यावर, सॅकचे पट्टे घासतात तिथे, सुटायला लागला. काळ्या कुर्त्यावर कोंडा पडल्यासारखा दिसतो. पहिल्या पावसात कापडावरून मोत्यासारखे ओघळणारे थेंब आता सरळ मुरतात. दुकानदार म्हणाला, मशीनमध्ये धुतला असेल. नव्हता धुतला. बूट कोरड्या रस्त्याला उत्तम आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी ते सकाळच्या फिरण्याला वापरते. सँडलची एक शिवण उसवली होती, चांभाराकडून दोरा घालून घेतला. टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे, तरी पुढची वारी काढतील असं वाटतं.

येत्या वर्षी जाताना सँडल, दोन जोड लवकर वाळणारे कपडे आणि गोणी. पोंचो भाचीला हवा होता, तिला लेपाचं सांगूनच दिला. कागद वारीनंतरही ऑगस्टपर्यंत सिंहगडावर चालला, मग मधोमध फाटला. त्यातल्या मोठ्या तुकड्याने सध्या स्कूटरची सीट झाकली जाते.