मार्च मॅडनेस: ६८ संघांच्या स्पर्धेचे परीक्षण

एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पुरुषांच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजेच ‘मार्च मॅडनेस’मध्ये, २०११ पासून ६८ संघ खेळतात. प्रेक्षकाला या स्पर्धेतून जे मिळते ते बहुतांशी अव्वल दर्जाचे आहे. परंतु तिच्या रचनेत एक ठळक दोष आहे आणि संघ वाढवले तर तो दोषही वाढेल. माझ्या मते ६४ हा आकडा योग्य आहे, ६८ चालवून घेता येतो आणि चर्चेत आलेल्या ७२ किंवा ७६ ची काहीही गरज नाही.

स्पर्धेची खरी गोडी पहिल्या फेरीत आहे. गुरुवारी दुपारी पहिला सामना सुरू होतो आणि शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत ३२ सामने होऊन गेलेले असतात. सीबीएस, टीबीएस, टीएनटी आणि ट्रूटीव्ही या चार वाहिन्यांवर ते एकमेकांत गुंतलेले चालू असतात, त्यामुळे एका सामन्याची शेवटची अटीतटीची दोन मिनिटे पाहून होतात न होतात तोच दुसरीकडे बरोबरी झालेली असते. त्याआधीच्या लढतींत चार संघ गळाल्यावर उरलेल्या ६४ चे ३२, ३२ चे १६ असे करत सहा सामने जिंकेल तो विजेता, आणि या सहा फेऱ्यांत कोणालाही पुढे चाल मिळत नाही. संपूर्ण स्पर्धा एका कागदावर मावते, म्हणूनच बास्केटबॉल एरवी न पाहणारेही तो तक्ता हौसेने भरतात. ६४ संघांची ही रचना १९८५ मध्ये आली आणि त्याच वर्षी आठवे मानांकन (चार विभागांपैकी प्रत्येकात संघांना ताकदीनुसार दिलेला १ ते १६ असा क्रम) असलेल्या व्हिलानोव्हाने अंतिम सामन्यात जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरवले. त्याहून खालच्या मानांकनाच्या संघाला हे विजेतेपद कधीच मिळालेले नाही.

संघ वाढवण्याला माझा सरसकट विरोध नाही, कारण पूर्वीच्या वाढीमागे खरी गरज होती. १९३९ मधील पहिल्या स्पर्धेत केवळ ८ संघ होते. पुढे संख्या वाढली, तरी १९७४ पर्यंत एका कॉन्फरन्समधून (आपसात साखळी सामने खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटातून) एकच संघ घेण्याचा नियम कायम होता. त्या वर्षी एसीसी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. विजेता संघ पुढे राष्ट्रीय अजिंक्यपद घेऊन गेला. देशातील पहिल्या चार-पाच संघांत गणला जाणारा मेरीलँड मात्र त्या एका पराभवामुळे घरीच बसला. १९७५ मध्ये स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एकाच कॉन्फरन्समधील दुसऱ्या संघालाही दार उघडले. ती वाढ न्याय्य होती, कारण जिंकण्याची खरी कुवत असलेला संघ तेव्हा बाहेर राहत होता. आज बाहेर राहणाऱ्या एकोणसत्तराव्या संघाबद्दल असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल का?

आता दोषाकडे वळतो. ६८ चे ६४ करण्यासाठी मंगळवारी आणि बुधवारी ओहायोतील डेटन येथे ‘फर्स्ट फोर’ नावाचे चार सामने होतात. त्यांपैकी दोन सामने निवड समितीने शेवटी घेतलेल्या चार संघांमध्ये होतात, आणि ते पाहण्यासारखे असतात. २०११ मध्ये व्हीसीयू आणि २०२१ मध्ये यूसीएलए हे संघ याच वाटेने येऊन थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार संघांत, पोहोचले. उरलेले दोन सामने सोळावे मानांकन मिळालेल्या छोट्या कॉन्फरन्सच्या संघांत होतात, आणि तिथेच मला ही रचना खटकते. आपली कॉन्फरन्स जिंकून ज्याने थेट प्रवेश मिळवला, त्यालाच मुख्य तक्त्यात येण्यासाठी आणखी एक परीक्षा द्यावी लागते आणि एक-दोन दिवसांत दुसऱ्या शहरात जाऊन पहिल्या मानांकनाच्या संघासमोर उभे राहावे लागते. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने बुधवारी डेटनला जिंकून शुक्रवारी पर्ड्यूला ६३-५८ असे गारद केले, हे खरे आणि ते पाहताना ऊर भरून आला. पण हा पराक्रम त्या संघाचा आहे, रचनेचा नाही. २०१८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्याच यूएमबीसीने पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असे लोळवले ते थेट मुख्य फेरीत खेळूनच.

७६ संघ घ्यायचे ठरवले तर ६४ वर येण्यासाठी १२ सामने लागतील, म्हणजे २४ संघ गुरुवारच्या आधीच खेळतील आणि एका कागदावरचा तो सुटसुटीत तक्ता कडेने फाटत जाईल. या वाढीव जागा जाणार कोणाला, हेही उघड आहे. २०२५ मध्ये ३१ संघ कॉन्फरन्सच्या वाट्याचे (म्हणजे आपापली कॉन्फरन्स जिंकलेले) आणि ३७ संघ समितीच्या निवडीचे होते. त्यांत एकट्या एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सचे १६ पैकी १४ संघ आले. कॉन्फरन्समधील १८ पैकी १२ सामने हरलेला टेक्सासही त्यांत होता आणि तो डेटनलाच झेवियरकडून हरला. त्याच कॉन्फरन्सचा, ८ विजय आणि १० पराभव असलेला आर्कान्सा शेवटच्या १६ संघांत पोहोचला, हेही नोंदवले पाहिजे. मधल्या फळीतील संघ कमकुवत असतात असा माझा दावा नाही. पण अशा संघांना आपली पात्रता सिद्ध करण्यासाठी संपूर्ण हंगाम मिळालेला असतो. छोट्या कॉन्फरन्सच्या संघाला बहुधा आपल्या कॉन्फरन्सचे जेतेपद हा एकमेव मार्ग असतो. डिव्हिजन वन या एनसीएएच्या सर्वोच्च श्रेणीत ३६० हून अधिक संघ आहेत, म्हणून टक्केवारी वाढवावी, असा युक्तिवाद मला पटत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक संघाला कॉन्फरन्सच्या वाटेने संधी मिळतच असते.

२०१० मध्ये ९६ संघांचा विचार गांभीर्याने झाला होता आणि अखेर ६८ वर समाधान मानले गेले. २०२६ च्या स्पर्धेसाठीही ६८ च कायम ठेवण्याचा निर्णय २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. मोठ्या कॉन्फरन्सना अधिक जागा हव्या आहेत आणि दूरचित्रवाणीच्या करारात अब्जावधी डॉलर गुंतलेले आहेत, त्यामुळे पुन्हा ६४ वर जाणे अवघड आहे, हे मी मान्य करतो. मग निदान ६८ मध्ये एवढा बदल व्हावा, की डेटनचे चारही सामने समितीने निवडलेल्या शेवटच्या आठ संघांतच खेळवावेत आणि कॉन्फरन्सच्या वाट्याने आलेल्या प्रत्येक संघाला थेट मुख्य तक्त्यात जागा द्यावी. तसे झाल्यास मंगळवार-बुधवारचे चारही सामने तोडीस तोड होतील आणि ज्यांची निवड वादात असते त्यांचा निकाल मैदानावर लागेल. महिलांची स्पर्धाही २०२२ पासून ६८ संघांची झाली असून तिथेही सोळाव्या मानांकनाच्या संघांना ही जादा पायरी चढावी लागते. म्हणून हा बदल दोन्ही स्पर्धांत एकाच वेळी करावा.