पट्टीला 'स्ट्रिप' म्हणणारा मदतनीस: आठ महिन्यांनंतर

जुलै २०२५ मध्ये आमच्या ऑफिसात कोड लिहिणारं एआय टूल आलं. ऑफिस म्हणजे सांगलीत गणपती पेठेत एका दुकानाच्या माडीवर तीन टेबलं आणि चार माणसं. गिऱ्हाईक बहुतेक मार्केट यार्डातलं: हळदीचे अडते, बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, मधूनच एखादी पतसंस्था. प्रत्येकाला आपलं वेब ॲप वेगळं हवं असतं आणि आतून सगळी सारखीच निघतात. लॉगिन, पार्टी मास्टर (गिऱ्हाइकांची मूळ यादी), आवक, बिल, येणी-देणी, रिपोर्ट. लॅरावेल या वेब ॲप बनवायच्या चौकटीत हा दर वेळी सारखाच येणारा कोड, म्हणजे बॉयलरप्लेट, लिहिण्याला आम्ही पाट्या टाकणं म्हणतो. या पाट्या दुसऱ्या कुणीतरी टाकाव्यात, एवढीच अपेक्षा होती.

टूलचं नाव लिहीत नाही. आठ महिन्यांत दोन वापरली, खोड्या दोघांच्याही त्याच. टर्मिनलमध्ये चालतं, प्रोजेक्टच्या फाइली स्वतः वाचतं-लिहितं, डेटाबेस वगैरे बाहेरच्या गोष्टींना जोडता येतं, आणि महिन्याला वीसेक डॉलर घेतं.

पहिले दोन आठवडे मी त्याच्याकडून चुकीचंच काम करून घेत होतो. मॉडेल (टेबलाशी बोलणारा कोड) बनव, मायग्रेशन (डेटाबेसची टेबलं उभी करणारी फाइल) बनव, कंट्रोलर (पानावरून आलेली मागणी हाताळणारा कोड) बनव. अरे, हे तर लॅरावेलसोबत येणारं फाइली बनवायचं जनरेटर, आर्टिसन, फुकटात करतं! मॉडेल बनवायच्या कमांडला सगळं हवं असा पर्याय लावला की मायग्रेशन, फॅक्टरी, सीडर, पॉलिसी, कंट्रोलर आणि फॉर्म रिक्वेस्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत तयार, आणि दर वेळी जसंच्या तसं. एआयला त्याच कामाला दोन मिनिटं लागायची आणि सोमवारचा कंट्रोलर गुरुवारच्या कंट्रोलरसारखा नसायचा. नव्याने सुरू करणाऱ्यांना हेच सांगेन, सांगाडा जुन्या जनरेटरनेच उभा करा. आतलं मांस भरायला याला बोलवा: व्हॅलिडेशनचे नियम, लांबलचक फॉर्म, एक्सेलमधून आयात, कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट.

जोडणी न करता वापरलं तर मात्र वैताग येतो. आमचं प्रोजेक्ट लॅरावेल १२ वर आहे. मिडलवेअर (प्रत्येक मागणी आत येण्याआधी तपासणारा कोड) लावायला सांगितलं, तर साहेबांनी कर्नेल नावाची फाइल तयार करून त्यात नोंद केली. ती फाइल लॅरावेल ११ पासून, म्हणजे मार्च २०२४ पासून, साच्यातून गेलेली आहे. आता हे सगळं बूटस्ट्रॅप फोल्डरातल्या ॲप फाइलमध्ये करतात. कोड दिसायला झकास, एरर शून्य, आणि मिडलवेअर चालतच नाही. तासभर शोधत बसलो. त्याच्या डोक्यात जुनी पुस्तकं भरलेली, आणि आमच्या घरात काय आहे हे बघायला त्याला डोळे नव्हते.

डोळे म्हणजे एमसीपी. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. टूलने बाहेरच्या गोष्टींशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते त्यात ठरवलेलं आहे. लॅरावेलवाल्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये बूस्ट नावाचं पॅकेज काढलं, ते याच पद्धतीवर चालतं. आपल्या प्रोजेक्टची आवृत्ती, टेबलांची रचना, शेवटची एरर, त्याच आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन, सगळं ते टूलपुढे ठेवतं. हे बसवल्यावर कर्नेलची भानगड जवळपास मिटली. कॉलमची नावं मनाने ठोकून देणं थांबलं. टूल बदलून जेवढा फरक पडला नाही, तेवढा या जोडणीने पडला.

मार्केट यार्डाची भाषा मात्र त्याला कुठली जोडणी शिकवणार? एका हळदीच्या अडत्याचं काम होतं. मी मराठीतच लिहून दिलं: शेतकऱ्याची पट्टी बनवायची, वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई वजा. त्याने टेबल बनवलं, नाव 'स्ट्रिप्स'. मेनूतही तेच आलं आणि माझ्या नजरेतून सुटलं. डेमोला पेढीवर गेलो तर दिवाणजींनी चष्मा वर केला. "ही स्ट्रिप म्हंजे काय गा? गोळ्यांची व्हय?" ज्या कागदावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मालाचा हिशेब असतो, त्याचं मेडिकल दुकान करून टाकलं होतं.

त्या दिवशी दिवाणजी काकांसमोर बसूनच शब्दांची यादी केली. आवक, रास, सौदा, पट्टी, तूट, उचल. उचल म्हणजे शेतकऱ्याने आधी घेतलेले पैसे, ते पट्टीतून वळते होतात. टूलने त्याचं पोती उचलणं केलं होतं. प्रत्येक शब्दापुढे एका ओळीत अर्थ आणि कोडमध्ये वापरायचं नाव. ही फाइल प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवली, टूल दर वेळी ती आधी वाचतं. आज तिच्यात साठ-पासष्ट ओळी आहेत. आठ महिन्यांत मी लिहिलेली सगळ्यात उपयोगी फाइल हीच, आणि तिच्यात कोडची एक ओळ नाही.

त्याच यादीत पुढे नियमही आले. रुपयाला पूर्णांक शेवटच्या आकड्यावरच करायचा, मधल्या ओळींवर नाही. टूल हमाली वेगळी गोल करायचं, तोलाई वेगळी, आणि पट्टी कच्च्या वहीशी दीड-दोन रुपयांनी जुळायची नाही. "दोन रुपयंच हाईत, पण मानूस दारात हुभा ऱ्हातो," काका म्हणाले. पैशाचा कॉलम फ्लोट (अंदाजे आकडा ठेवणारा) नको, डेसिमल (नेमका ठेवणारा) हवा, हेही लिहून ठेवावं लागलं. बिल नंबरचंही तसंच. त्याने कॅलेंडर वर्ष घातलं होतं आणि पुढे टेबलाचा आयडी. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे क्रमांक ओळीने हवेत, आर्थिक वर्षात दोनदा येता कामा नयेत आणि सोळा अक्षरांच्या आत बसायला हवेत. आमचं वर्ष एप्रिलला उलटतं, जानेवारीला नाही.

आता ऑगस्टातली ती संध्याकाळ. कोयनेतून विसर्ग वाढवलेला, पाऊस सुरू, ऑफिसातले सगळे फोनवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघत होते. सांगलीत हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात: ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका. माझं एक लक्ष फोनवर. टूलला सांगितलं होतं, मायग्रेशनमध्ये एरर येतेय, दुरुस्त कर. त्याने परवानगी विचारली, मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. तिसऱ्या वेळी न वाचताच एंटर दाबलं. त्या तिसऱ्या कमांडमध्ये 'मायग्रेट फ्रेश' होतं. म्हणजे आधी सगळी टेबलं पाडायची, मग कोरी उभी करायची. एरर गेली, प्रश्नच नाही! सोबत टेस्ट सर्व्हरवरची एका कोल्ड स्टोरेजची पाच महिन्यांची आवक-जावकही गेली. त्यांच्या माणसांनी तपासणीसाठी ती हाताने भरली होती.

वाचलो ते एआयमुळे नाही, महापुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गणपती पेठ, हरभट रोड बुडाले, तेव्हा आमचा खालच्या मजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला होता. तेव्हापासून रोज रात्री बॅकअप सांगलीबाहेर जातो, टेस्ट सर्व्हरचासुद्धा. आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं परत आलं. एका दिवसाच्या नोंदी मी आणि धाकट्या सहकाऱ्याने रात्री अकरापर्यंत कागदावरून भरल्या. दुसऱ्या दिवशी टूलसाठी डेटाबेसचा वेगळा युजर केला, त्याला फक्त वाचायची मुभा. टेबलं पाडणाऱ्या कमांडवर सरसकट बंदी. हे पहिल्या दिवशीच करायचं असतं, माहीत होतं, केलं नव्हतं. चूक माझी. पण दर दोन मिनिटांनी "करू का?" विचारणाऱ्याला माणूस तिसऱ्यांदा नीट ऐकत नाही, हेही तितकंच खरं.

याहून जास्त धसका मला दुसऱ्याच गोष्टीचा बसला, कारण ती ओरडली नाही. पॉलिसी म्हणजे कोणी काय बघायचं याची फाइल. आर्टिसन ती तयार करतं तेव्हा प्रत्येक दाराला कुलूप असतं, उत्तर 'फॉल्स'. मी टूलला म्हटलं, या टेस्ट नापास होतायत, पास करून दे. दहा मिनिटांत सगळ्या हिरव्या. काय केलं होतं? पट्टी बघायच्या पॉलिसीत 'रिटर्न ट्रू'. कुलूपच काढून टाकलं. पानाच्या वेब पत्त्यातला नंबर एकाने वाढवला की एका शेतकऱ्याला शेजारच्याची पट्टी दिसणार, दरासकट, उचलीसकट. गावात काय झालं असतं याची कल्पना करा. लाइव्ह जाण्याआधी सापडलं, तेही सहज चाळा म्हणून नंबर बदलून बघितला म्हणून. डोकं नसलेल्या जुन्या जनरेटरने दार बंद ठेवलं होतं, हुशाराने मला खूश करायला उघडलं. आता 'याने दुसऱ्याची पट्टी उघडली तर नकार मिळालाच पाहिजे' ही टेस्ट मी स्वतः लिहितो, आणि टेस्टच्या फाइलींना हात लावायचा नाही अशी त्याला ताकीद आहे.

वेळ वाचला का? सप्टेंबरपर्यंत मी सगळ्यांना निम्मा वाचतो म्हणून सांगत होतो. मग वहीत लिहायला लागलो. मेटर या संस्थेचा जुलै २०२५ चा अभ्यास वाचण्यात आला होता: मुरलेल्या १६ डेव्हलपरांना त्यांच्याच प्रोजेक्टवर एआय वापरताना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं. माझ्या वहीतही तसलंच निघालं, पण सगळीकडे नाही. एक्सेल आयातीचं काम, चौतीस कॉलम, तीन तऱ्हेच्या तारखा: आधी दीड दिवस जायचा, आता जेवणाआधी होतं. नवा मास्टर, त्याचा फॉर्म, यादी, शोध: अर्ध्या दिवसाचा तास झाला. पट्टीच्या हिशेबात मात्र त्याने लिहिलेलं तपासण्यात माझा जास्त वेळ गेला. ते काम आता मी हातानेच करतो. टायपिंगचा वेळ गेला, वाचनाचा आला, आणि वाचून संध्याकाळी डोळे जास्त दुखतात.

आमच्याकडे एक मुलगी शिकायला आहे. तिने पाट्या कधी टाकल्याच नाहीत, पहिल्या दिवसापासून तयार कोड बघितला. हुशार आहे, पण फॉरेन की (एक टेबल दुसऱ्याशी बांधणारी कडी) कशासाठी, विचारलं की गप्प होते. म्हणून तिला पहिला मास्टर टूल बंद ठेवून करायला लावला. चार दिवस लागले, तोंड वाकडं केलं. पाचव्या दिवशी टूलने सुचवलेला एक इंडेक्स (टेबलात शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेली सूची) तिने स्वतःहून खोडला, तोच इंडेक्स आधीच होता म्हणून.

वर्गणी चालू ठेवली आहे, एकच. आता नवी हळद यार्डात यायला लागलीय. परवा दिवाणजी काकांचा फोन आला, पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाआधी गावाचं नाव मोठं हवंय, एकाच नावाचे तिघं आहेत म्हणून. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या तुमच्या मशिनला सांगू नगंस, तूच कर." दहा मिनिटांचं काम होतं. मीच केलं.