बेलापूरचं अंगण की खारघरचा टूबीएचके?

नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी आखली. प्लॉट जेमतेम ४५ ते ७५ चौरस मीटरचे, पण साधारण सात घरांत मिळून एक अंगण. दोन घरांत भिंत सामाईक नाही. त्यामुळे संसार वाढला की खोली वाढवायची, जमलं तर वर मजला चढवायचा. लोकांनी नेमकं तेच केलं. मूळ उतरत्या छपराची घरं आता शोधावी लागतात.

खारघरच्या टॉवरमधला टूबीएचके म्हणजे निराळंच प्रकरण. लिफ्ट, पार्किंग, दोन बाथरूम, पावसाळ्याआधी छप्पर शाकारायची कटकट नाही. गुडघे कुरकुरणाऱ्यांना हाच बरा. पण तो वाढत नाही. घेताना मोजमापही नीट बघा: रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे घरातल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. शिवाय हॉललाच जोडलेला ओटा! मिरचीची फोडणी दिली की सोफ्यावरचा पाहुणा खोकतो.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुरडया घालतात, तेव्हा माझं मत बेलापूरला. सासूबाईंचं मात्र लिफ्टला.