व्हीललॉक की फ्लिंटलॉक? हातात तासच असेल तर

लंडनचं वॉलेस कलेक्शन हे संग्रहालय फुकट पाहता येतं, पण तिथली शस्त्रदालनं तासाभरात उरकत नाहीत. शिकारीच्या जुन्या नक्षीदार बंदुकांपैकी कुठल्या निवांत बघायच्या, व्हीललॉक की फ्लिंटलॉक, हे आधीच ठरवून जा. दोन्ही ठासणीच्याच, फरक ठिणगी पाडण्यात, आणि त्यामुळे पुढे सगळ्यातच.

जर्मन व्हीललॉक १६व्या-१७व्या शतकातली. घड्याळाला चावी द्यावी तशी किल्लीने तिच्या पोलादी चाकाची स्प्रिंग ताणायची. चाप ओढला की चाक गरकन फिरून पायराइट या खनिजाच्या खड्यावर घासतं. खर्चिक, नाजूक काम, त्यामुळे अशी शिकारी बंदूक मुख्यतः राजेरजवाड्यांकडे आणि श्रीमंतांकडे. तिचा दस्ता खांद्याला नाही, गालाला टेकवायचा. म्हणून तो आखूड, जाड, सपाट बाजूंचा. नक्षीकाराला आयती पाटीच मिळाली! हरणाच्या शिंगाच्या पातळ चकत्या कापून लाकडात बसवायच्या, त्यांवर शिकारी कुत्री, पळणारी हरणं कोरायची आणि रेघांत काळा रंग भरायचा. वाकून पाहिलंत तर कुत्र्याच्या फासळ्यासुद्धा मोजता येतील. शिंग आणि लाकूड यांच्यातली केसाएवढी फट शोधा. लाकूड आणि शिंग सारखंच आक्रसत नाहीत, म्हणून ती पडते. एखादी चकती शेजारणीपेक्षा पांढरी दिसली तर बहुधा ती नंतर बसवलेली. म्युनिकच्या सादेलर बंधूंचं काम वेगळं: पोलादातच आकृत्या कोरून त्यांना निळी झाक आणि मागची जमीन सोनेरी.

फ्रेंच फ्लिंटलॉकची कळ, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, १६१०च्या सुमाराची, फ्रान्समधल्या लिझियो गावच्या मारँ ल बुर्झ्वा या कारागिराच्या नावावर सांगतात. चकमकीचा दगड पोलादावर आपटला की काम झालं. यंत्र साधं झालं, बंदूक सडपातळ झाली. पुढे व्हर्सायच्या शस्त्रकारखान्यात बंदूककार निकोला-नोएल बुतेने निळसर नळीवर सोनं, अक्रोडाच्या लाकडावर चांदी असा थाट उडवला. देखणं आहेच, पण मला त्यात दरबारी भपका जास्त वाटतो. पाहायचंच तर धातूची किनार लाकडात कशी बसवलीय ते पाहा. नखही अडकू नये इतकी बेमालूम.

तुम्ही चित्रं काढत असाल, सुतारकाम किंवा जडावकाम करत असाल, तर पाऊण तास व्हीललॉकला द्या. घाटाची, बांध्याची आवड असेल तर उलटं करा. आणि काचपेटीला वळसा घालता येत असेल तर जरूर घाला: कळ उजवीकडे असते, पण गालाकडची डावी बाजू नक्षीकाराला मोकळी मिळालेली असते.