मराठी अक्षरं रुबीत मोजायची तर: काउंट, टॅली की स्कॅन?

वहिनी पहिलीच्या वर्गाला शिकवतात. पोरांच्या कानांवरून गेलेल्या गावांच्या नावांतूनच अक्षरओळखीचे तक्ते करायचे, म्हणून त्यांनी मराठवाड्याच्या ७६ तालुक्यांची यादी माझ्याकडे दिली. ‘ळ’ किती वेळा येतो, ‘ण’ किती वेळा आणि ‘क्ष’ कुठे आहे का, एवढंच त्यांना हवं होतं.

हे काम मी रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत करायला घेतलं. काउंट, टॅली आणि स्कॅन या तिच्यातल्या तयार आज्ञा; पहिल्यांदा हात काउंटकडेच गेला. प्रत्येक शब्दावर काउंट लावायचा आणि समने बेरीज करायची, काम एका ओळीत होतं. परळी, कळंब, तुळजापूर, कळमनुरी या चार नावांत ‘ळ’ चार. वेलांटी असो की अनुस्वार, उत्तर बरोबर.

मग ‘क्ष’ विचारला. यादीत तो एकदाही नाही, तरी भलामोठा आकडा आला. एकेक नाव तपासलं तेव्हा कळलं, एकट्या आष्टीत काउंटला दोन ‘क्ष’ दिसत होते! कारण काउंट दिलेलं अक्षर सलग शोधत नाही, त्याला चिन्हांचा संच समजतो. ‘क्ष’ म्हणजे त्याच्या लेखी क, पाय मोडण्याची खूण आणि ष. यातलं काहीही दिसलं की मोजलं. म्हणून किनवटला एक, केजला एक, पूर्णालाही एक. चूक दाखवणारा संदेश कुठेच नाही. तक्ता छापून गेला असता तर? हीच गोष्ट मला फार खटकली.

टॅली रुबी २.७ पासून आहे. शब्दांचे कॅर्स (सुटी चिन्हं) काढून टॅली केली की सगळ्या अक्षरांचा हिशोब एकदम मिळतो, काना-मात्रांसकट. वर्गासाठी कोणती मात्रा कमी पडते हे पाहायला ती मला आजही आवडते. पण न आलेल्या अक्षराला शून्य नाही, निल (म्हणजे ‘काहीच नाही’) मिळतं. बेरजेत ते अडतं, म्हणून आकडा काढून देणाऱ्या फेचला ‘नसेल तर शून्य’ असं सांगून ठेवावं लागतं. जोडाक्षर तर कॅर्समध्येच फुटलेलं असतं. कॅर्सऐवजी ग्राफीम क्लस्टर्स (काना-मात्रांसकट अख्खी अक्षरं) घेतले, तर परळीतला ‘ळी’, कळंबमधला ‘ळं’ आणि उरलेल्या दोन नावांतला ‘ळ’ वेगवेगळे पडतात. वहिनींना तो एकच ‘ळ’ हवा होता.

स्कॅन ‘क्ष’ला सलग शोधतो. आष्टीत शून्य, लक्ष्मीत एक. सापडलेल्या तुकड्यांचा अ‍ॅरे (म्हणजे यादी) तयार होतो, त्याची साइझ घेऊन बेरीज करायची. लाखो शब्दांवर हा अ‍ॅरे कदाचित जड जाईल, आणि फक्त सुटं एक अक्षर मोजणाऱ्याला काउंट पुरेसा आहे, हे मान्य. तरी मी आता ‘ळ’सुद्धा स्कॅननेच मोजतो, कारण पुढच्या वेळी वहिनी ‘ज्ञ’ विचारणार हे मला माहीत आहे.

‘क्ष’मधला ‘क’ सोडून बाकीचे ‘क’ हवे असतील, तर स्कॅनला रेगेक्स (शोधाचा नमुना) द्या: ‘क’च्या पुढे पायमोडी खूण आणि ‘ष’ नको. काउंटला हे सांगायची सोयच नाही.